अकरावी वाटी

बाईंनी कपाटाचे दार उघडले, आत पाहिले, दार लावले आणि पुन्हा उघडले. दुसऱ्यांदाही तेच दिसले. काल दुपारी त्यांनी स्वतःच्या हाताने भरून ठेवलेल्या दहा वाट्या स्वच्छ धुऊन, पुसून, एकावर एक पालथ्या घातलेल्या होत्या. शेजारी चार बरण्या ओळीने उभ्या. एकीत लोखंडाचा कीस, दुसरीत गंधक, तिसरीत वाळू, चौथीत मीठ. मीठ तर असे कोरडे आणि पांढरेशुभ्र, की आजच दुकानातून आणले असावे.

घड्याळात सव्वानऊ झाले होते. दहा वाजता आठवी 'ब'चा तास होता आणि त्या तासाला शेवटच्या बाकावर तपासणी अधिकारी येऊन बसणार होते.

"मावशी," बाईंनी हाक मारली. आवाज साधा ठेवायचा असे ठरवूनही तो चढलाच.

आतल्या लहान खोलीतून मावशी बाहेर आल्या. निळ्या एप्रनला हात पुसत, नेहमीच्या चालीने, म्हणजे घाई जगात कुठे असलीच तर ती दुसऱ्यांना, अशा चालीने.

"ह्या वाट्यांतलं काय केलंत?"

"वेगळं केलं."

"कशाला?"

"मिसळलेलं होतं ना," मावशी म्हणाल्या.

पाच वाट्यांत कीस आणि गंधक, पाच वाट्यांत वाळू आणि मीठ. प्रत्येक बाकावर एक वाटी द्यायची, मुलांना ते वेगळे करायला लावायचे आणि मिश्रण म्हणजे काय ते त्यांच्याच तोंडून काढून घ्यायचे, असा सगळा बेत होता. मुलांनी करायचे काम मावशींनी आदल्या दिवशीच उरकून टाकले होते. तेही इतके चोख, की मिठात वाळूचा एक कण शोधून सापडला नसता.

मावशी या प्रयोगशाळेत एकतीस वर्षे होत्या आणि बाई चार. बाईंच्या आधी इथे थोरल्या बाई होत्या. त्यांना जाऊन चार वर्षे झाली तरी त्यांचे नियम काही गेले नव्हते. थोरल्या बाईंच्या काळात गंधकाचा एक पुडा तीन वर्षे पुरवावा लागे. म्हणून त्यांचा दंडक होता की मिसळलेले काही टेबलावर मुक्कामाला राहता कामा नये. शाळा सुटली की मावशींनी बसायचे, मिश्रणे सोडवायची आणि ज्याचे त्याला ज्याच्या त्याच्या बरणीत घालायचे. आता पुडे वेळेवर येतात, ते दिवस गेले, हे बाईंनी मावशींना किमान दहा वेळा सांगितले होते. मावशी दर वेळी "बरं" म्हणत आणि दर वेळी सोडवून ठेवत. पालथ्या घड्यावर पाणी.

आणि पालथे घडे काही एक नव्हते. आठवी 'ब' म्हणजे बेचाळीस घड्यांची उतरंड होती. गेल्या चाचणीत बाईंनी साधा प्रश्न घातला होता, खालील पदार्थांचे मूलद्रव्य, संयुग आणि मिश्रण असे वर्गीकरण करा. अडतीस जणांनी मिठाचे पाणी संयुगात टाकले होते. एकाने हवेला मूलद्रव्य ठरवले होते, कारण 'ती दिसत नाही'. आणि एका विदुषीने लिहिले होते, 'मिश्रण म्हणजे बाई जे मिसळतात ते.' बाईंनी त्या उत्तरावर लाल पेन ठेवले आणि बराच वेळ तसेच धरून बसल्या. त्यात चूक नेमकी कुठे आहे हे चटकन सांगता येत नव्हते, याचा त्यांना जास्त राग आला होता.

"काल मी तुम्हाला काय सांगून गेले होते?" बाईंनी शक्य तितक्या शांतपणे विचारले.

"कपाटाला कुलूप लावा."

"मग?"

"लावलं ना. सोडवून झाल्यावर लावलं."

बाईंनी खुर्ची ओढली आणि त्या बसल्या. काल चार वाजता मुख्याध्यापकांना चिठ्ठी लिहिली ते बरेच झाले, असे त्यांना त्या क्षणी मनापासून वाटले. लिहिताना हात अडखळला होता. मावशींची नोकरी दोन वर्षांची राहिली होती. त्यांचे डोळे अधू झालेत, तेव्हा त्यांना प्रयोगशाळेतून काढून फाटकावर बसवावे, असे लिहायचे म्हणजे हात अडखळणारच. पण गेल्या आठवड्यात मावशींनी मिठाच्या बरणीवर तुरटीचे लेबल डकवले होते आणि अख्ख्या सातवीने तुरटीचे खडे म्हणून मिठाचे दाणे वहीत काढून, रंगवून, नावे देऊन ठेवले होते. एकदा मीठ झाले, उद्या आम्ल होईल. तेव्हा त्यांनी चिठ्ठी लिहिली, पाकिटात घातली आणि मावशींच्याच हातात दिली. शाळेत कागद नेण्याआणण्याचे काम मावशींचे. दुसरे कोण नेणार होते?

"बरं, जाऊ द्या," बाई म्हणाल्या. "झालं ते झालं. मुलांनाच मिसळायला लावते. ती काळी वाटी कुठं आहे? अकरावी?"

मावशींनी आतल्या खोलीकडे पाहिले.

अकरावी वाटी ही तासाची खरी मेख होती. कीस आणि गंधक मोजून, लोखंड सुटे उरू नये म्हणून गंधकाचे माप मुद्दाम थोडे जास्त घेऊन, बाईंनी ते काल खिडकीशी उभे राहून काचेच्या नळीत तापवले होते. गंधकाच्या वासाने डोळ्यांतून पाणी आले होते. नळीतला गोळा लालबुंद होऊन विझला तेव्हा त्यांनी नळी फोडून काळा खडा बाहेर काढला, खलात कुटला आणि भुकटी वाटीत भरली. थोरल्या बाई हा प्रयोग करत नसत, वासामुळे, आणि बाईंनीही तो काल पहिल्यांदाच केला होता. त्यामुळे एकतीस वर्षांत या प्रयोगशाळेत अशी वाटी कधी आलीच नव्हती.

"मावशी, टाकून नाही ना दिलीत?"

"नाही हो, टाकेन कशी?"

मावशी आतल्या खोलीत गेल्या आणि वाटी घेऊन आल्या. वरून बशी झाकलेली होती. त्यांनी ती टेबलावर ठेवली, पण हात काढला नाही.

"ही नाही सुटली," त्या म्हणाल्या.

"काय?"

"बाकीच्या दहा साडेपाचलाच झाल्या. मीठ आटवायला ठेवलं आणि ही घेतली. चुंबक फिरवला कागद गुंडाळून, काही येईना. मग कागद काढून फिरवला. म्हटलं जाड राहिली असेल, म्हणून पुन्हा कुटली. पाण्यात टाकून पाहिली, गाळली, वाळवली, परत चुंबक. फडक्यातनं चाळली. साडेसहापर्यंत बसले होते." त्यांनी वाटीवरची बशी नीट केली, ती नीटच होती. "त्यात लोखंड आहे, हे मला दिसलं होतं तुम्ही घालताना. पण माझ्याच्यानं नाही निघालं."

"ते निघत नसतंच, मावशी," बाई म्हणाल्या. घड्याळ साडेनवाकडे चालले होते आणि त्यांचे अर्धे लक्ष हातात घेतलेल्या बरणीकडे होते. "ते संयुग आहे. मिश्रण नाही. चुंबकाने कधीच सुटायचं नाही ते."

मावशींनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. एप्रनच्या खिशातून त्यांनी एक पाकीट काढले. खिशात राहून त्याचे कोपरे दुमडले होते.

"मग ही देऊन येते आता."

पाकिटावर बाईंचेच अक्षर होते.

"ही काल द्यायला सांगितली होती मी."

"हो. काल दिली नाही." मावशी पाकिटाकडे बघत होत्या. "डिंक लावायला घेतलं तेव्हा कागद बाहेर आला. वाचायचा नव्हता मला. पण तुमचं अक्षर फळ्यावरच्यासारखं मोठं. माझं नाव दिसलं. मग वाचलंच."

बाईंच्या हातातली बरणी हातातच राहिली.

"राग नाही आला," मावशी म्हणाल्या. "म्हणजे, आला थोडा. मग म्हटलं, बाई शिकलेल्या आहेत, उगाच नाही लिहायच्या. आपलं आपण बघावं. सगळ्या वाट्या बिनचूक सुटल्या तर बाईंना सकाळी म्हणायचं की एकदा बघा आणि मग ठरवा. आणि नाही सुटल्या तर चिठ्ठी गुमान नेऊन द्यायची. दहा सुटल्या. पण ही नाही. तुम्ही लिहिलंय ते बरोबरच आहे. डोळे गेले की हातही जातात बहुतेक."

बाईंना लाज वाटली. मघाशी 'चिठ्ठी लिहिली ते बरेच झाले' असे ज्या तोऱ्यात मनात म्हटले होते, त्याची तर फारच वाटली. काल आपण घरी जाऊन चहा घेत असताना ही बाई इथे एकटी बसून स्वतःची परीक्षा घेत होती. आणि तिला नापास करणारा प्रश्न आपणच मांडून गेलो होतो, उत्तर नसलेला.

"मावशी, ऐका माझं. ही वाटी तुम्हालाच काय, कुणालाही सुटणार नाही. मलासुद्धा नाही."

"थोरल्या बाईंना सुटली असती."

"नसती. थोरल्या बाईंच्याही बापाला नसती."

"तुम्ही माझं मन राखायला म्हणताय," मावशी म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती, उलट थोडे कौतुकच होते. "चांगलं आहे तुमचं मन. पण मला एकतीस वर्षांत न सुटलेलं एक दाखवा. मी येते देऊन."

बाईंना कपाळ आपटून घ्यावेसे वाटले. आधीची शाळा धरून अकरा वर्षे त्या मुलांना सांगत आल्या होत्या की संयुगातले घटक साध्या पद्धतींनी वेगळे करता येत नाहीत. मुले ते वाक्य पाठ करत, लिहीत, दोन गुण घेत आणि विसरत. आज पहिल्यांदा ते वाक्य कुणाला तरी पटणे खरोखर गरजेचे होते, आणि ऐकणारीला वाटत होते की बाई आपल्याला गोड बोलून समजावताहेत.

"कुठं जायचं नाही," त्या म्हणाल्या. "तास संपेपर्यंत दाराशी उभ्या राहा. हा माझा हुकूम समजा."

"बरं," मावशी म्हणाल्या आणि पाकीट पुन्हा खिशात गेले.

दहाच्या ठोक्याला आठवी 'ब' आत शिरली आणि पाठोपाठ अधिकारी आले. उंच, किडकिडीत गृहस्थ, काखेत फायली. बसताना त्यांनी हळूच सांगून टाकले की आपण मूळचे भाषेचे, विज्ञानातले फारसे कळत नाही, तेव्हा बाईंनी आपल्याकडे लक्ष देऊ नये. बाईंना वाटले, झाले, आता हे मुलांच्या बरोबरीने शिकणार.

मुलांनी मिसळायला सुरुवात केली आणि तेवढे काम त्यांना उत्तम जमले. वेगळे करताना मात्र त्यांच्या नाकी नऊ आले. चुंबक किसात खुपसला, की त्याला दाढीसारखे लोखंड चिकटे आणि नखांनी खरवडले तरी निघेना. दोन बाकांवर चुंबकावरून भांडण सुरू झाले. मीठवाल्यांनी बशीभर पाणी ओतून ठेवले. बाई या बाकावरून त्या बाकावर धावत होत्या आणि मागच्या बाकावरचे पेन काहीतरी लिहीत होते.

"कागद गुंडाळा आधी," दारातून हलकेच आवाज आला.

बाईंनी वळून पाहिले. मावशींनी तोंडावर हात ठेवला होता, पण उशीर झाला होता.

"काय म्हणतायत मावशी, ऐकलं का?" बाई मुलांना म्हणाल्या. "मावशी, पुन्हा सांगा. मोठ्याने."

"चुंबकाला कागद गुंडाळायचा. कीस कागदाला चिकटतो. मग कागद काढला की आपोआप पडतो." मावशींनी अधिकाऱ्यांकडे चोरून पाहिले. "आणि दाबायचं नाही. वरनं फिरवायचा नुसता."

पाच मिनिटांत गंधक पिवळेधमक दिसू लागले. बाईंनी मग काळी वाटी घेतली आणि प्रत्येक बाकावर कागदाच्या तुकड्यावर चिमूट चिमूट भुकटी ठेवली.

"ह्यातही लोखंड आणि गंधकच आहे. काढा."

मुलांनी ऐटीत कागद गुंडाळले. चुंबक फिरले, पुन्हा फिरले. मग कागद निघाले. एका बाकाने पाणी ओतले, एकाने फुंकर मारून पाहिली आणि काळे पडलेले नाक पुसले. खिडकीजवळच्या उंच मुलीने चुंबक टेबलावर आपटला.

"बाई, ह्यात लोखंड नाहीच्चे."

"आहे. मी स्वतः घातलंय."

"मग चुंबक बिघडलाय."

"किसावर धरून बघ."

तिने धरून पाहिला. चुंबक ठणठणीत होता.

मागचे बाक करकरले. अधिकारी फायली ठेवून पुढे आले होते. "जरा मला द्या बघू," ते म्हणाले. त्यांनी बाह्या दुमडल्या, कागद गुंडाळला, काढला, चष्मा कपाळावर सरकवून भुकटीत डोकावले. वर्ग त्यांच्याभोवती गोळा झाला. सगळी उठाठेव करून झाली तेव्हा त्यांच्या बोटांना काळे लागले होते आणि चुंबक जसाच्या तसा स्वच्छ होता.

"साहेबांनाही नाही सुटलं?" दारातून मावशींनी विचारले. त्या दोन पावले आत आल्या होत्या.

मुले हसली. साहेबही ओशाळे हसले. "नाही हो."

"साहेब, पाण्यात टाकून बघा एकदा."

त्यांनी पाण्यातही टाकून पाहिले. मावशी जवळ येऊन उभ्या राहिल्या आणि डोळे बारीक करून बघत राहिल्या. बाई मावशींच्या तोंडाकडे बघत होत्या, तासाचे त्यांना भान नव्हते. काही निघाले नाही तेव्हा मावशींनी एक मोठा श्वास सोडला, हंडा डोक्यावरून उतरवावा तसा. एप्रनच्या खिशावर ठेवलेला हात खाली आला.

"काल मावशी ह्याच वाटीपुढे तासभर बसल्या होत्या," बाई वर्गाला म्हणाल्या. "चुंबक, पाणी, गाळणं, चाळणं, सगळं केलं. त्यांनाही सुटली नाही. ह्यावरून काय ठरतं?"

उंच मुलगी म्हणाली, "जे मावशींना सुटतं ते मिश्रण. मावशींनाही सुटत नाही ते संयुग."

बाईंनी खडू उचलला. पुस्तकातली व्याख्या जिभेवर तयार होती. त्यांनी क्षणभर विचार केला आणि खडू खाली ठेवला.

"लिहून घ्या," त्या म्हणाल्या.

तास संपल्यावर अधिकाऱ्यांनी हात धुतले, मावशींनी दिलेल्या फडक्याला पुसले आणि जाताना बाईंना एवढेच म्हणाले, "शाळेत असताना हे कळलं नव्हतं मला." आठवी 'ब' त्यांच्या मागोमाग गोंगाट करत गेली. पुढच्या तासाला आठवी 'अ' यायची होती, म्हणून मुले जाण्याआधी बाईंनी त्यांच्याकडून दहा वाट्या पुन्हा मिसळून घेतल्या होत्या.

खोली रिकामी झाली तशी त्यांनी हात पुढे केला.

"द्या ती चिठ्ठी."

मावशींनी पाकीट काढले, पण लगेच दिले नाही.

"फाडणार?"

"मग काय करू?"

"फाडू नका सगळी," मावशी म्हणाल्या. "तीन गोष्टी लिहिल्यात तुम्ही. डोळे अधू झालेत, ते खरं आहे. तुरटीचं मलाही लागलंय मनाला. सांगितलेलं ऐकत नाही, तेही खरं. काम होत नाही, असं लिहिलंय ना, तेवढं काढा."

बाईंनी पाकीट घेतले. चिठ्ठी उघडून एकदा वाचली. स्वतःचे अक्षर त्यांना फार मोठे आणि फार ठाम वाटले. मग त्या टेबलाशी बसल्या आणि नवा कागद ओढून लिहू लागल्या. प्रयोगशाळेतल्या मावशींचे डोळे तपासून त्यांना चष्मा मिळावा. तोपर्यंत सर्व बरण्यांची लेबले मी स्वतः मोठ्या अक्षरात लिहीन. त्या इथेच राहाव्यात. ऐकत नसल्याबद्दल काय लिहावे, यावर पेन थांबले. लिहिले तर खरेच होते. लिहू नये, असे त्यांनी ठरवले.

सही करून त्यांनी मान वर केली. मावशी मोरीजवळच्या टेबलाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. मिसळलेल्या दहा वाट्यांतली पहिली त्यांनी पुढे ओढली होती.

"मावशी," बाई म्हणाल्या, "ते पुढच्या तासाला लागणार आहे मला."

"बरं," मावशी म्हणाल्या आणि चुंबकाला कागद गुंडाळला.